सात लाख नऊ हजार तीनशे त्र्याण्णव

"सतरा," प्राध्यापक म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा विचारात गेले. बऱ्याच वेळानं पुढचा आकडा आला. "आणि एकेचाळीस हजार सातशे एकोणतीस. बरोबर?"

"बरोबर," त्यांची बायको म्हणाली आणि तिनं ते उत्तर वहीत उतरवून घेतलं.

धडधडीत खोटं बोलली होती ती. वहीत तिनं आधीच लिहून ठेवलेल्या संख्या होत्या आठशे नऊ आणि आठशे सत्त्याहत्तर.

हा खेळ लग्नापासूनचा. चहाच्या आधी ती यादीतून दोन मूळ संख्या निवडायची, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानंही भाग न जाणाऱ्या. वहीत त्यांचा गुणाकार करायची आणि आलेली संख्या प्राध्यापकांना सांगायची. त्यांनी मनातल्या मनात त्या दोन संख्या हुडकायच्या. संख्या केवढीही मोठी असो, तिचे मूळ अवयव एकाच तऱ्हेनं पडतात, दुसरं उत्तर असूच शकत नाही, हे त्यांनी तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. नवऱ्याचं तेवढं एक म्हणणं तिनं कधी तपासून पाहिलं नाही.

बाकी तपासणं हा तर तिचा पेशा. छापखान्यात गणिताची कोष्टकं तिनं तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून तपासली होती.

थोरल्या भावाची स्मृती गेली तेव्हा प्राध्यापकांनी तिच्याकडून शब्द घेतला होता. मी चुकायला लागलो की त्याच दिवशी सांग, मी वर्ग सोडीन. सत्तरी उलटली तरी ते आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जात आणि त्या दोन दिवसांच्या जिवावर उरलेले पाच काढत. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांना, माझी साठी अजून यायचीय, म्हणून सांगत.

आणि महिन्याभरातलं हे अकरावं चुकीचं उत्तर होतं. दर वेळी खरं ओठांवर यायचं, आणि त्यांचा चेहरा पाहिला की ती ते गिळायची. आपण त्यांना फसवतोय याची तिला लाज वाटत होती. भीती त्याहून मोठी होती.

दुपारी परगावची लेक आली. तीही गणितच शिकवायची. प्राध्यापक वर्गावर गेले होते. आईनं वही तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, शब्द मोडल्याचंसुद्धा.

"माझ्यानं नाही होत गं," ती म्हणाली. "तूच सांग त्यांना. तुझं ऐकतील ते."

लेकीनं पेन्सिल घेतली. सकाळचा गुणाकार पुन्हा मांडला. मग मागचं पान उलटलं, मग त्याच्या मागचं. आई स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आली तरी तिची मान खालीच होती.

"सगळीच चुकलीत ना?" आईनं हळूच विचारलं.

"गुणाकार चुकलेत, आई. तू त्यांना चुकीची संख्या सांगतेस, आणि तू सांगितलेल्या संख्येचे अवयव त्यांनी अकराही वेळा बरोबर काढलेत." लेकीनं तिचा हात हातात घेतला. "बाबांना माहीत आहे. तुझ्यासाठीच त्यांनी मला बोलावून घेतलंय."