बिनडिस्कचं मशीन

हरिदासअप्पांना लेकीच्या लग्नाची ब्लू-रे डिस्क लावायची होती, म्हणून जुळे सोलापुरातल्या दुकानात ते नुसता प्लेअरच मागत होते. "अप्पा, गेमचं मशीन घ्या की. त्यात डिस्कबी चालती, पोरंबी खेळतील," लेक अंकिता म्हणाली, आणि अप्पांचं काही चाललं नाही.

घरी खोका फोडला. अप्पांनी मशीन चारी बाजूंनी चाचपलं. डिस्क घालायला कुठं फटच नव्हती.

"बिनडिस्कचं आलंय वाटतं," अंकिता ओशाळली. "फोडलेलं परत न्हाय घ्यायचे. जाऊ द्या, माझंच लग्न, किती वेळा बघायचं?"

"बघायचं न्हाय, ऐकायचं हाय," अप्पा डिस्क धोतरानं पुसत म्हणाले. "जलमभर तुझी आई मला 'अवो'च म्हणत गेली. तुझ्या लग्नात तिनं उखाणा घेतला. तिच्या तोंडचं माझं नाव आता ह्यातच तेवढं उरलंय."