झाकणाखाली

"मला भात नको," म्हणत सासूने टेबलावर आडवा हात धरला. "मुलगा घरी येईपर्यंत मी भात सोडलाय."

खानावळीची जपानी मालकीणबाई वाटी हातात घेऊन तशीच थांबली. काळी चकचकीत लाकडी वाटी, वर तसंच काळं झाकण. तिने सासूकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग दोघींच्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडे. टेबल सुनेने तिघांचं सांगून ठेवलं होतं. का, ते सासूने विचारलं नव्हतं. बंदराकडे जाताना ह्याच दारापाशी थांबून तो म्हणाला होता, "परत आलो की तुम्हा दोघींना इथं जेवायला आणतो."

"लांब गेलाय?" मालकीणबाईने विचारलं.

"जहाजावर," सून म्हणाली. "जहाज पोचलंच नाही. वर्ष होऊन गेलं."

मालकीणबाईने ती वाटी अलगद रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. शेजारी काड्यांची जोडी आडवी मांडली.

"आमच्याकडे घरचं माणूस लांब असलं की त्याचंही ताट मांडतात," ती म्हणाली. "सगळ्यांचं जेवण झालं की झाकण उघडून बघायचं. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर माणूस सुखरूप आहे."

"आणि नाही दिसले तर?"

मालकीणबाईने नुसती मान लववली आणि ती आत गेली.

सून झाकणाकडे बघत राहिली. उद्या सकाळी तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. सासूनेच त्याला बोलावून घेतलं होतं. पोरीचं वय काय, आणि ती दाराची बेल वाजली की हातातलं टाकून धावत सुटते काय! पण भाऊ येणार म्हटल्यापासून ती ना हो म्हणत होती, ना नाही.

"आई, ठरलं माझं," ती आता म्हणाली. "थेंब दिसले तर दादाला उद्या चहा पाजून परत पाठवायचं. मी थांबणार. कितीही वर्षं लागोत."

"आणि कोरडं निघालं तर?"

"तर बॅग भरते."

"वाफेवर आयुष्य ठरवतेस होय गं?"

"तुम्ही नाही का भातावर ठरवलंत?"

सासूने काड्या उचलल्या आणि तळलेल्या भाजीचा एक तुकडा ताटलीभर पळवला.

"ह्यांनी जेवायचं, की स्वेटर विणायचा?"

सून खळखळून हसली. हसताना ती केवढीशी दिसते, हे सासू विसरूनच गेली होती.

जेवण आटोपत आलं तशी सून हात धुवायला गेली. ती वळणाआड होताच सासूने झाकण उचललं.

आतून ते थेंबांनी गच्च भरलं होतं.

आहे! माझं लेकरू आहे कुठंतरी! मग तिने वाटीत पाहिलं. पांढरा, मोकळा भात. जन्मभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला कुणी शिकवायला नको; गरम भातावर झाकण ठेवलं की पाणी सुटणारच. ते काय कुणाची खबर आणतंय! आणि एवढ्याशा वाफेपायी ही पोर जन्म जाळून घेणार.

भात एव्हाना गार झाला होता. आता नवी वाफ धरणार नव्हती. सासूने कमरेचा रुमाल काढला, झाकण खडखडीत कोरडं पुसलं आणि होतं तसं ठेवून दिलं. रुमालाची घडी मांडीवर ठेवली. सवयीने हात जोडायला गेली, पण जोडले नाहीत. आपण आत्ता काय पुसलं, ते देवाने पाहिलं होतं.

सून येऊन बसली. "उघडू?"

"उघड."

झाकण निघेना. सुनेने एका हाताने वाटी घट्ट धरली, दुसऱ्या हाताने जोर लावला. आतून कुणी धरून ठेवावं तसं ते बसलं होतं. मग दम सोडल्यासारखा बारीक आवाज झाला आणि झाकण एकदम वर आलं.

थेंब नव्हते. धार होती. झाकणातून पाणी तिच्या मनगटावर आलं, बाहीत शिरलं, कोपरावरून टेबलावर गळू लागलं.

"आई! बघा! सुखरूप आहेत!" ती हसत होती, रडत होती, ओला हात तसाच तोंडावर दाबून धरत होती. "सांगत नव्हते मी? येणार ते!"

सासूने मांडीवरचा रुमाल चाचपला.

"पण किती गार आहे हो हे..." सून म्हणाली. बोलता बोलता तिने ओठांवरून जीभ फिरवली, आणि तिचं हसू होतं तिथंच थांबलं.

"आई," ती हळूच म्हणाली. "खारट आहे."

सासू खाली बघेना. मांडीवरचा रुमाल गार पडत चालला होता. कपडे भिजत होते, गुडघे भिजत होते, आणि तिच्या खुर्चीखाली टपटप आवाज सुरू झाला होता.

तिने रिकाम्या खुर्चीपुढची वाटी स्वतःकडे ओढली. काड्या बाजूला सारल्या.

"बॅग मी भरून देते तुझी," ती म्हणाली, आणि भाताचा पहिला घास हाताने तोंडात घातला.