समोरचा दरवाजा

प्रागच्या संग्रहालयात मुलं डोक्यावर कागदी मुकुट घालून मातीचे किल्ले करत होती. मोठ्यांनी बाहेर कॉफी पीत बसायचं, असा नियम होता. विश्वंभर आजोबा मात्र दारातच उभे राहिले. साताऱ्याच्या अंगणात त्यांनी पन्नास दिवाळ्या किल्ले केले होते.

नात रेवा सहलीचे चार दिवस त्यांच्याशी ‘हं’पलीकडे काही बोलली नव्हती, म्हणून त्यांनीही तोंड आवरलं होतं. पण तिने किल्ल्याचा दरवाजा तटाच्या मधोमध, सरळ समोर ठेवला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“शत्रूला आमंत्रणपत्रिकाही धाडलीस का?” असं म्हणत ते बुटक्या खुर्चीत बसलेसुद्धा. त्यांनी दरवाजा दोन बुरुजांआड वळवला आणि पायथ्याशी वाघाची गुहा कोरली.

रेवा हातातली माती ठेवून नुसती बघत राहिली. झालं, आता ही चिडणार, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात तिथली शिक्षिका आली.

“इथे बारा वर्षांपर्यंतचीच मुलं बसतात. यांचं वय?”

आजोबा ओशाळून उठू लागले. रेवाने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

“अकरा,” ती म्हणाली.

शिक्षिकेने आजोबांच्या टकलाकडे पाहिलं आणि ती मोठ्या मापाचा कागदी मुकुट शोधायला गेली.