आईची साक्ष

काळा मुखवटा. पोटात घुमणारा बेस. "वैऱ्याचं रक्त आमच्या फरशीवर." गाण्याच्या व्हिडिओला चाळीस लाख व्ह्यूज.

इस्तंबूलच्या कोर्टात सरकारी वकिलांनी बेरकानचं ड्रिल रॅप, म्हणजे टोळ्यांच्या खूनखराब्याचं ते गाणं, सपाट आवाजात वाचून दाखवलं आणि त्याच्यासाठी तुरुंग मागितला. मग त्याची आई साक्षीला उभी राहिली.

"हा कसलं रक्त सांडतोय, साहेब. ईदला मेंढा कापतात, तेव्हा हा कपाटात लपतो."

मागच्या बाकांवर गल्लीतली पोरं खुसखुसली.

"खरं आहे का हे?" न्यायाधीशांनी त्याला विचारलं. "हो म्हणालास तर आत्ता घरी जाशील."

बेरकाननं मागं वळून पोरांकडे पाहिलं. "आई खोटं बोलतेय, साहेब. गाण्यातलं सगळं मीच केलंय."



सकाळी कोर्टात येताना बसमध्ये त्याला मळमळलं, तेव्हा आईनं रुमालावर लिंबाचं कोलोन शिंपडून हुंगायला दिलं होतं.