तलावावरचा धनेश

धनेशाचा फोटो मी काढला लेकीच्या गावी आणि पक्षी ओळखायच्या ॲपवर चढवला घरी येऊन, त्यामुळे ॲपने जागा टाकली शेजारच्या तलावाची. चूक संध्याकाळी लक्षात आली. पण तोवर "वा काका, काय नजर!" असे चाळीस अभिप्राय आले होते आणि निवृत्त माणसाला वा म्हणणारं घरात कोणी नसतं. आज ॲपच्या नकाशावर ती नोंद पाहून एक संशोधक मुलगी दारात उभी राहिली. प्रबंधासाठी महिनाभराची बिनपगारी रजा टाकून आली होती. "इथे धनेश म्हणजे नवलच, काका!" तलावाकडे जाताना ती म्हणाली. बायको मागून पुटपुटली, "सांगा आता तरी." मी घसा खाकरला. तेवढ्यात मुलीने दुर्बीण काढली, काठावरच्या चिखलात सतरंजी पसरली आणि विचारलं, "नेमका कोणत्या फांदीवर होता?" लाजेने मान खाली गेली. बोट मात्र वर गेलं.