जबाबाचा उरलेला भाग

“सदर अपघात सहकारी कर्मचाऱ्याच्या धार्मिक गायनामुळे ऑपरेटरचे लक्ष विचलित होऊन घडला. सुरक्षा यंत्रणा कार्यरत होती.” चौकशी अहवालाच्या दुसऱ्या पानावर ही दोन वाक्ये जबाब सुरू होण्यापूर्वीच टाइप झालेली होती. पाचव्या पानावर शिफारस होती : प्रेस क्रमांक चारचा सेन्सर पुन्हा जोडून घ्यावा. जे कार्यरत होते ते पुन्हा कशासाठी जोडायचे, याचा खुलासा मधल्या दोन पानांत नव्हता.

कबुली तेवढी यायची राहिली होती. ती देणारा कोंडीराम टेबलाच्या टोकाला, खुर्चीच्या कडेवर बसला होता.

निघोज्याच्या या कारखान्यात तो नऊ वर्षे पत्र्याचे भाग दाबून काढत होता. पायाने पेडल दाबायचे आणि तोंडाने दत्ताची पदे म्हणायची, असा त्याचा नेम होता. साठ-पासष्ट पदे त्याने त्या मशीनपाशीच रचली. लातूरकडून आलेल्या कामगारांच्या खोल्यांत ती दर गुरुवारी म्हटली जात, आणि म्हणून झाल्यावर लोक त्याच्या पाया पडत. त्याला ते आवडत नसे. गेल्या सत्यनारायणाला व्यवस्थापनानेच त्याला शाल दिली होती आणि फाटकावर फ्लेक्स लावला होता : ‘आमचे संतकवी’. त्या फ्लेक्सवर ज्या तिघांचे फोटो होते, तेच तिघे आज चौकशी समिती म्हणून समोर बसले होते. संतपदावरून आरोपीच्या खुर्चीवर यायला पाच महिने पुरले.

त्याच प्रेसवरचा त्याचा जोडीदार इकबाल पिंपरीच्या इस्पितळात होता. त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती. अपघाताच्या दिवसापासून कोंडीरामने एकही पद म्हटले नव्हते. नोकरीची त्याला पर्वा नव्हती. आपल्या पदाने तो हात खाल्ला का, एवढेच त्याला कळायला हवे होते.

“त्या दिवशी गात होतात ना?” मनुष्यबळ विभागाच्या विजयश्री मॅडमनी विचारले. “हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

“रोजच गातात, मॅडम,” सुपरवायझर निरंजन म्हणाला. “आदल्या दिवशीच मी म्हटलं, बुवा, तुमचा पाय गाण्यावर पडतो, तर गाणं जरा फास्ट घ्या राव. मिनिटाला आठच पीस येतात, दहा पाहिजेत. तर म्हणतात कसे, पद दत्ताचं हाय, कंपनीचं न्हाई!”

समिती हसली. निरंजनचे हे बोलणे अहवालात आलेले नाही.

इकबालची बायको हीना दाराजवळ उभी होती. त्याच्या वतीने सही करण्यासाठी तिला बोलावले होते, बोलण्यासाठी नव्हे.

“गाण्यानं लक्ष गेलं म्हणता?” ती म्हणाली. “त्यांना गाणं ऐकूच येत नव्हतं, साहेब.”

हे खरे होते. त्या शेडमध्ये कानात बोळे घातल्याशिवाय पाऊल टाकू नये, अशी पाटी खुद्द कंपनीनेच लावली होती. कोंडीराम आणि इकबाल समोरासमोर उभे राहत. मध्ये रुंद पत्रा असे. इकबालचा हात कोंडीरामला दिसत नसे आणि कोंडीरामचा पाय इकबालला. हात आत असताना साचा खाली येऊ द्यायचा नाही, हे काम सेन्सरचे होते.

“सेन्सर दोन महिन्यांपूर्वीच काढला,” हीना सांगत होती. “सारखी मशीन थांबवतो म्हणून. निरंजन सरांनी ह्यांना बजावलं, कुठं बोलायचं नाही. तेव्हापासून हे कोंडीभाऊंच्या ओठांकडं बघून काम करायचे. घरी मला करून दाखवायचे. ‘रिते हात माझे’ आलं की हात बाहेर. ‘दत्ता’ला बुवांचा पाय पडणार. ओठ मिटले म्हणजे बुवा थांबले, मग हात घालून आतला कचरा काढायचा. मलासुद्धा पाठ झालंय ते पद.” तिने पदराने तोंड पुसले. “गाण्यानं हात घेतला नाही, साहेब. दोन महिने गाण्यानंच सांभाळला.”

कोंडीरामने मान वर केली. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. सेन्सर जागेवर आहे, असेच तो समजत होता. इकबाल आपल्या तोंडाकडे बघतो, ते गंमत वाटते म्हणून बघत असेल, असे त्याला वाटे. पद निर्दोष होते. पाच दिवसांत प्रथमच त्याचा श्वास मोकळा झाला.

“मग त्या दिवशीच कसं झालं, भाऊ?” हीनाने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हते. “त्या दिवशी गात नव्हता का तुम्ही?”

कोंडीराम आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने एकच वाक्य उच्चारले.

विजयश्री मॅडमनी त्यातले पहिले दोन शब्द टिपले आणि पेन खाली ठेवले. अहवालात ते असे छापले आहेत : ‘संबंधित कर्मचाऱ्याने गायल्याचे मान्य केले.’ हीनाने सही केली नाही. तिने वाक्य पूर्ण ऐकले होते. ते असे होते :

“व्हय, गायलो, पर आदल्या दिशी सायबानं पदाला माप लावलं, म्हून त्या दिशी ओठ मिटून गायलो, एकट्या दत्तालाच ऐकू जावं म्हून.”