तळमजल्यावरचा जिना

प्लंबरनं पहिल्याच फटक्यात टेबलावरची काच फोडली. हातात हातभर लांब पाना, डोळे लालभडक.

"माझ्या बायकोचा कागद कुठला?"

बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली ताई जागची हलली नाही. तीन वाजता आरोग्य समितीसमोर ठेवायच्या चौदा मुलाखती तिच्या पुढ्यातच होत्या. चौदा बायका, एकीचंही नाव नाही, नुसते आकडे. आणि संस्थेची मागणी तरी केवढी? जखमी बाई दवाखान्यात आली की तिला एकटीला विचारा, बरोबर आलेल्याला बाहेर बसवा. बस्स. गेल्या वेळी समितीचे साहेब हसले होते. "ताई, हे तर किस्से झाले. पुरावा कुठाय?"

"यात नावं नाहीत," ताई म्हणाली.

"मी ओळखतो की! बारा वर्षं नांदवतोय तिला."

त्यानं गठ्ठा ओढला आणि ओळीखाली बोट धरून, पहिलीतल्या पोरासारखा मोठ्यानं वाचायला लागला. "'डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे शेजारीच उभे होते. मी म्हटलं, जिन्यावरून पडले.' हीच! हीच ती भवानी!"

"पुढचा वाचा."

पुढचीही जिन्यावरून पडली होती. तिच्या पुढचीही. पाचवी न्हाणीघरात घसरली होती, सहावी पुन्हा जिन्यावरून. "'आमच्या घराला जिनाच नाही,'" त्यानं वाचलं, "'पण कुणी विचारलंच नाही.'" त्याला दरदरून घाम फुटला. नववा कागद त्याच्या हातात आला तेव्हा ताईनं श्वास रोखला. त्यानं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आणि बाजूला टाकला.

बारा वर्षांचा संसार, आणि ओळखली नाही!

चौदाही संपले तसा तो पिसाळला. "कुठली? बोल!" केस धरून त्यानं ताईचं डोकं टेबलावर आपटलं. "बोल!" दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा फुटकी काच कपाळात घुसली. नऊचा आकडा तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तिनं तो रक्ताबरोबर गिळला.

"अरे, अरे! काय झालं हे?" दारात शेजारचे झेरॉक्सवाले काका.

पाना कधीच पिशवीत गेला होता. "पडल्या हो ताई," प्लंबर एकदम मऊ आवाजात म्हणाला. "मी नेतो ना दवाखान्यात." दंडाला धरून उठवताना तो तिच्या कानाशी पुटपुटला, "घरी ती एकटीच आहे. तोंड उघडशील तर बघ."

दवाखान्यात सात टाके पडले. प्लंबर अगदी खांद्याला खांदा लावून उभा होता, सख्खा भाऊ शोभावा असा. बाहेर ही रांग. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला.

"कशानं लागलं?"

वर बघा ना, ताई मनात म्हणत होती. एकदा तरी बघा. याला म्हणा, जरा बाहेर थांबा. डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. मान काही वर झाली नाही.

"जिन्यावरून पडले."

संस्थेची खोली तळमजल्यावर होती. डॉक्टरांनी लिहून टाकलं. प्लंबरनं सुस्कारा सोडला. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"डॉक्टर, या केसपेपरची एक झेरॉक्स मिळेल? आणि पेन द्या जरा."

झेरॉक्स अजून गरम होती. ताईनं ती मांडीवर धरली, वरचं स्वतःचं नाव खोडलं, आणि कोपऱ्यात लिहिलं: १५.